परांचीची भोकं

त्याला सगळे ओळंबा म्हणत. दोरीला बांधलेलं लोखंडी वजन भिंतीलगत सोडायचं आणि भिंत सरळ आहे का ते बघायचं, हे गवंड्याचं साधं हत्यार. पस्तीस वर्षं ते त्याच्या खिशात होतं. दवाखान्यात गेला तर डॉक्टरला आधी खिडकी वाकडी बसल्याचं सांगायचा आणि मग आपलं दुखणं. सासऱ्याच्या घरी पहिल्यांदा गेला तेव्हा चहा यायच्या आत बोलून गेला की दाराची चौकट बोटभर झुकलीय. चौकट सासऱ्यानं स्वतःच्या हातानं बसवली होती. बायको ते अजून ऐकवते, आणि ऐकवावंच. अशा माणसाला अधूनमधून कुणीतरी जमिनीवर आणायला हवं असतं.

शहराच्या मधोमध जो किल्ला आहे त्यात आधी सैन्य होतं, मग कैदी, मग पन्नास वर्षं सरकारी कागद आणि ते कुरतडणारे उंदीर. आता तिथे कार्यक्रम होणार होते. परिषदा, गाण्याच्या मैफली, प्रदर्शनं, हौशी लोकांचे वाढदिवस. तटावर दिवे लागले, बुरुजात कॉफीचं दुकान आलं, घोड्यांच्या पागेत स्वच्छतागृहं झाली. आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे हजेरीचं दालन. सत्तर पावलं लांब, वर कमानीसारखं वळलेलं छत आणि मधे एकही खांब नाही. पूर्वी इथे सैनिकांना रांगेत उभं करून हजेरी घेत, हुकूम वाचून दाखवत.

त्या दालनाचा गिलावा ओळंब्यानं केला. दोन वर्षं लागली. चुना महिनोन्‌महिने भिजवला, थरावर थर चढवला आणि शेवटचा थर गुळगुळीत दगडानं इतका घोटला की हात ठेवला तर घसरावा. किल्ल्याच्या व्यवस्थापक बाई तो बघून म्हणाल्या की दाराशी पितळी पाटी लावायची आणि तिच्यावर गिलावा करणाऱ्याचं नाव घालायचं. ओळंब्यानं आजवर शाळा बांधल्या, बँका बांधल्या, एक पूल बांधला. प्रत्येकावर पाटी होती आणि एकीवरही त्याचं नाव नव्हतं. "कशाला मॅडम, उगाच," असं तो म्हणाला खरा. पण बाईंनी फडक्यातली पाटी दाखवायला काढली तेव्हा त्यानं हातात घेण्याआधी तीनदा हात पुसले.

पाटीपेक्षा मोठा आनंद घरात होता, फक्त तो कबूल करत नव्हता. त्याची एकुलती एक लेक सहा वर्षं दूरच्या शहरात नाट्यगृहांतून आवाजाची व्यवस्था बघत होती. ओळंबा त्याला "बटणं पिळायचं काम" म्हणायचा. पाच महिन्यांपूर्वी तिला याच किल्ल्यात आवाजाची जबाबदारी मिळाली, कच्च्या नेमणुकीवर, आणि ती बॅगा घेऊन घरी आली. जेवायला पुन्हा तीन ताटं वाढली जाऊ लागली. ओळंब्यानं तिला "बरं झालं आलीस" असं एकदाही म्हटलं नाही. तिच्या खोलीला मात्र नवा गिलावा करून दिला, जो कुणी मागितला नव्हता.

मंगळवारी दालनात आवाजाची पहिली चाचणी झाली. बाई मंचावर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सर्वांचं मनापासून स्वागत." शेवटच्या रांगेपर्यंत त्याचा नुसता लगदा पोचला. एक शब्द मरायच्या आत दुसरा त्याच्या अंगावर पडत होता. लेकीनं एक टाळी वाजवली. ती छतात घुमत राहिली आणि ओळंब्यानं मनातल्या मनात सातपर्यंत आकडे मोजले, तेव्हा कुठे ती थांबली.

"मशीन बदलून बघ," तो म्हणाला.

"मशीन बंद आहे बाबा. मॅडम नुसत्या बोलतायत."

किल्ल्याच्या समितीनं आधीच सांगून ठेवलं होतं. शनिवारी सकाळी अकराला येऊन ते दालन कानांनी तपासणार. बोललेलं कळलं तर उद्‌घाटन. नाही कळलं तर दालनात खुर्च्या-टेबलं ठेवायची आणि कार्यक्रम बाहेर पटांगणात करायचे. पटांगणात येणारे लोक आपापली यंत्रणा घेऊन येतात, मग किल्ल्याला आवाजाचं माणूस कशाला लागतंय? दूरच्या नाट्यगृहानं लेकीची जागा महिनाअखेरपर्यंत रिकामी ठेवली होती. तिनं हे जेवताना सहज सांगितलं आणि भाजी पुढे सरकवली. ओळंब्यानं हातातला घास परत ताटात ठेवला.

ताटं उचलल्यावर तिनं टेबलावर फोटो मांडले. जाड पडदे कुठे सोडता येतील ते ती बघत होती. त्यात एक फोटो डागडुजीच्या आधीचा होता. काळवंडलेलं छत, जाळीजळमटं आणि वरच्या अंगाला हाताची मूठ जाईल एवढी गोल भोकं.

"ही भोकं कसली होती?" तिनं विचारलं.

"परांचीची. उंचावर काम करायला परांची बांधतात ना, तिचे वासे भिंतीत खुपसतात. काम संपलं की वासे काढायचे आणि भोकं बुजवायची. आमचे उस्ताद म्हणायचे, भोकं तशीच ठेवून जाणारा गवंडी म्हणजे जेवून ताट न उचलणारा पाहुणा. कुणा आळशाचं तीनशे वर्षांपूर्वीचं उष्टं मी काढलं. छप्पन्न होती."

लेक हसली आणि पडद्यांच्या मापाकडे वळली. ओळंब्याची नजर मात्र त्या फोटोवरून हलेना.

परांचीची भोकं एकाखाली एक असतात. माणूसभर उंचीवर एक ओळ, त्यावर पुन्हा माणूसभर उंचीवर दुसरी. ही तशी नव्हती. भिंतीच्या खालच्या निम्म्या भागात एकही नव्हतं. होती ती सगळी वर, छत वळायला लागतं तिथे, आणि एका ओळीतलं भोक दुसऱ्या ओळीतल्या दोघांच्या मधोमध. तिथे वासा खुपसून कुणी परांची बांधली तर ती माणसासकट खाली यावी. दोन वर्षं तो त्या छताला नाक लावून काम करत होता आणि एका वेळी एकच भोक बघत होता. सगळी एकत्र बघायला त्याला लेकीचा फोटो लागला.

मग त्याला आणखी एक गोष्ट आठवली. पहिल्या तीन भोकांत त्यानं चुना भरला तेव्हा प्रत्येकानं अर्धी-अर्धी बादली गिळली होती. त्याला माल कालवून देणाऱ्या मावशीवर तो खेकसला होता, "माल सांडतेस कुठे?" मावशी म्हणाली होती, "मी नाही सांडत, भिंत खातेय." त्यानं ते हसण्यावारी नेलं. चौथ्यापासून तोंडावर कौलाचा तुकडा बसवून वरून गिलावा ओढला. काम भराभर झालं आणि त्याला स्वतःचं कौतुक वाटलं.

लेक समोरच बसली होती. तो उठून स्वयंपाकघरात गेला.

"काय झालं?" बायकोनं विचारलं. "तोंड का असं?"

त्यानं सगळं सांगितलं. भिंतीत काय आहे ते त्याला माहीत नव्हतं, पण ती भोकं कुणीतरी मुद्दाम ठेवली होती आणि ती आपण बुजवली, एवढं त्याला पक्कं कळलं होतं. "पस्तीस वर्षांत असं झालं नाही गं," तो म्हणाला. "कसं सांगू तिला?"

बायकोनं हात पुसले. "माझ्या वडिलांची चौकट वाकडी आहे हे सांगताना तुमची जीभ अडली नव्हती. आता काय झालं?"

तरी त्या दिवशी लेकीसमोर त्याचं तोंड उघडलं नाही. आधी खात्री करावी असं त्यानं स्वतःला समजावलं. खरं तर तो घाबरला होता.

बुधवारी सकाळी किल्ल्याचं दार उघडल्याबरोबर तो आत शिरला. दिवे टांगायला आणलेली चाकांची परांची ढकलत त्यानं भिंतीशी नेली, वर चढला आणि आपल्याच गिलाव्यावर बोटाच्या पेरानं ठोकत गेला. टक, टक, टक, आणि मग डब. पोकळ. त्यानं छिन्नी लावली. असला गिलावा त्याच्या हातून आयुष्यात एकदाच झाला होता, आणि पहिला घाव घालताना त्याचा हात खरंच मागे आला. मग घातला. पापुद्रा सुटला, कौलाचा तुकडा निघाला. त्यानं आत हात घातला. आधी अरुंद गळा, मग मोठं गोल पोट. भाजलेल्या मातीचा घडा होता तो, भिंतीत आडवा झोपवलेला, तोंड दालनाकडे करून. ओळंब्यानं तोंड जवळ नेऊन हलकेच हुंकार दिला. आवाज खाली वर करत गेला, आणि एका ठिकाणी घड्यानं तो जणू ओढूनच घेतला. पुन्हा देऊन बघितला, पुन्हा तेच.

"बाबा, गिलाव्याला भोक का पाडताय?"

लेक खाली उभी होती, हातात मोजपट्टी.

"पाडत नाहीये," तो म्हणाला. "होतं तेच उघडतोय. वर ये."

ती वर आली. त्यानं तिच्याकडे न बघता सगळं सांगितलं, मावशीच्या अर्ध्या बादलीसकट. तिनं घड्याला कान लावला, मग तोंड लावलं, मग पुन्हा कान. बोलणी खायची तयारी करून तो छिन्नीची धार तपासत राहिला.

"मी हे फक्त वाचलंय," ती शेवटी म्हणाली. "आवाज घुमू नये म्हणून भिंतीत घडे पुरायचे. हुकूम शेवटच्या शिपायाला कळायला नको का? किती म्हणालात?"

"छप्पन्न. त्यातली तीन गेली, चुन्यानं गच्च भरलीत मी. त्रेपन्न निघतील."

"कुठे कुठे आहेत ते आठवतंय?"

"डोळे बांधून दाखवतो."

"शुक्रवारच्या संध्याकाळपर्यंत होतील?"

"तू खाली उभी राहून किती प्रश्न विचारतेस त्यावर आहे."

ती हसली. त्याच्या छातीवरचा निम्मा दगड उतरला.

लेकीनं बाईंना जाऊन सांगितलं की छतात जुने घडे सापडलेत आणि बाबा ते उघडतायत. यात खोटं काही नव्हतं, पण खरंही पुरतं नव्हतं. बाई धावत आल्या आणि वर बघून त्यांचे डोळे पाणावले. "पाटीवर आणखी एक ओळ घालते," त्या म्हणाल्या. "शतकानुशतकं लपलेले घडे शोधून काढणारे." ओळंबा परांचीवरून काही बोलणार, तेवढ्यात लेकीनं खालून त्याच्याकडे असं बघितलं की शब्द त्याच्या तोंडातच राहिले.

बाई गेल्यावर ती म्हणाली, "गप्प बसायचं. पाटी लागू दे. यात कुणाचं काय बिघडतं? आणि समितीला आत्ता कळलं तर म्हणतील, बापानं बिघडवलं आणि लेकीनं झाकलं."

हे त्याला पटलं. पटलं म्हणून जास्त टोचलं.

अडीच दिवस काम चाललं. मावशीला निरोप गेला. ती आली, वर बघितलं आणि म्हणाली, "भिंत खातेय म्हटलं होतं की नाही?" आणि पुढचे अडीच दिवस तिनं हे वाक्य साधारण तासातासाला म्हटलं. ओळंब्यानं ऐकून घेतलं. प्रत्येक भोक उघडून त्याची कड तो अशी घोटत होता की ती मुळातच तशी असावी. दर दहा घडे उघडले की लेक टाळी वाजवायची. सात आकड्यांचं पाच झालं, पाचाचं चार झालं. शुक्रवारी दुपारी शेवटचा घडा मोकळा झाला, मागच्या भिंतीवर जाड पडदे चढले आणि टाळी दोनाच्या आत विरली.

शनिवारी अकराला समिती आली. पाच माणसं होती. अध्यक्ष म्हणजे निवृत्त न्यायाधीश, म्हातारे, काठीवाले, कधी कुणावर खूश झाल्याची नोंद नसलेले. बाकीचे पुढे बसले. अध्यक्ष मात्र सरळ शेवटच्या रांगेत गेले आणि ओळंबा, त्याची बायको आणि मावशी बसली होती तिथे, दोन खुर्च्या सोडून बसले. डोळे मिटले. लेक मंचावर उभी राहिली. माइक बंद होता. तिनं दाराजवळची आगीच्या सूचनांची पाटी काढून आणली होती, तीच नेहमीच्या आवाजात वाचायला लागली. आग लागल्यास घाबरू नये. धावू नये. जवळच्या दारानं रांगेत बाहेर पडावं. लिफ्टचा वापर करू नये.

"इथे लिफ्ट कुठाय?" अध्यक्ष डोळे न उघडता पुटपुटले.

"पाटी तयार आणलीय, साहेब," लेक मंचावरून म्हणाली. "बदलून घेऊ."

अध्यक्षांनी डोळे उघडले. पुढे बसलेली चौघं मागे वळून हसली. काम झालं होतं. ओळंब्याच्या बायकोनं त्याचा हात दाबला.

मग बाई फडक्यातली पाटी घेऊन मंचावर आल्या. म्हणाल्या की आज ज्या हातांनी हे दालन सजवलं आणि ज्या नजरेनं शतकानुशतकं लपलेले घडे शोधले, त्यांचा मान करायचा आहे. त्यांनी फडकं बाजूला केलं. पितळ चमकलं. सत्तर पावलांवरून अक्षरं दिसत नव्हती, पण ओळंब्याला ती पाठ होती. आयुष्यभर हवी होती ती पाटी, आणि तिच्यावरची खालची ओळ खोटी होती.

तो उठला. लेकीनं मंचावरून मान हलवली, नको. त्यानं बघितलं आणि तरी उभा राहिला.

"मॅडम, ते घडे लपलेले नव्हते," तो म्हणाला. मावशीकडे माल मागावा त्याच आवाजात म्हणाला. "उघडेच होते. दोन वर्षांपूर्वी मीच बुजवले. मला परांचीची भोकं वाटली. आवाज बिघडला तो माझ्यामुळे. फोटो लेकीनं दाखवला म्हणून चूक कळली, नाहीतर मी मरेपर्यंत ते आळशाचं काम म्हणून सांगत फिरलो असतो. तीन घडे अजून बंद आहेत. ते आता निघायचे नाहीत. खालची ओळ खोडा, नाहीतर पाटीच लावू नका."

बाईंच्या हातातली पाटी हळूहळू खाली आली. अध्यक्ष ओळंब्याकडे आणि मग मंचाकडे बघत राहिले.

"तुला हे माहीत होतं?" त्यांनी तिथूनच लेकीला विचारलं.

"बुधवारपासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

लेकीनं वायर हातात गोळा केली, सोडली. "बाप आहे तो माझा," ती म्हणाली, एरवी घरात बोलते तेवढ्याच आवाजात.

अध्यक्ष काठीवर हनुवटी टेकून बसले. बायकोनं ओळंब्याचा हात सोडला नव्हता.

"बाई," अध्यक्ष शेवटी म्हणाले, "हा माणूस इथून बोलला, ते तिथे कळलं?"

"अक्षर न्‌ अक्षर."

"ही मुलगी तिथून बोलली, ते मला इथे कळलं. लपवायची गोष्टसुद्धा ज्या दालनात लपत नाही, त्याची आणखी काय परीक्षा घ्यायची? उद्‌घाटनाची तारीख ठरवा. मुलीची नेमणूक पक्की करा. यापुढे सांगायचं ते वेळेवर सांग म्हणावं, तेवढं तिला लिहून द्या." मग ते ओळंब्याकडे वळले. "आणि पाटीवर फक्त गिलावा ठेवा. गिलावा चांगलाच आहे."

ओळंब्यानं मान डोलावली.

समिती बुरुजात कॉफी प्यायला गेली. बाई पाटी घेऊन कारागिराला फोन करत बाहेर पडल्या. मावशी आणि बायको दाराशी उभ्या राहून भिंतीनं खाल्लेल्या दीड बादलीची गोष्ट पहिल्यापासून उगाळू लागल्या. ओळंबा शेवटच्या रांगेत एकटाच बसून वर बघत होता. छप्पन्न जागा, त्यातल्या त्रेपन्न उघड्या. बंद तीन कुठल्या ते फक्त त्याला ओळखू येत होतं. ते दिसलं की दुखत होतं, आणि ते दुखणं त्याला आता चालणार होतं. पोरगी घरी राहणार होती.

लेक मंचावर पाठमोरी बसून वायरी गुंडाळत होती. गुंडाळता गुंडाळता ती स्वतःशीच पुटपुटली, "हट्टी म्हातारा."

"ऐकू आलं," ओळंबा शेवटच्या रांगेतून म्हणाला.